पाणी चढतं तेव्हा पाखरं जवळ येतात

मराठवाड्यातल्या डी.एड. झालेल्या पोराला कोकणात नोकरी लागली, यात आता कुणाला नवल वाटत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या जिल्हा परिषद शाळांत नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीकडचे गुरुजी जागोजाग भेटतात. भेटले की पहिला प्रश्न 'गाव कोणतं?' आणि दुसरा 'बदलीचं काय झालं?' मीही त्यांच्यातलाच. गाव नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव तालुक्यात, नरसीच्या चौकातून आत. 2009 साली दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका द्विशिक्षकी शाळेवर शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो. मानधन महिन्याला 3000 रुपये. घरी जायचं तर एसटीनं पुणे किंवा पनवेल गाठायचं, तिथून नांदेडची गाडी, नांदेडहून पुन्हा एसटी. दिवाळी आणि मे महिना सोडला तर जाणं परवडायचं नाही, ना खिशाला ना रजेला. रविवार मोकळे पडायचे. त्या मोकळ्या रविवारांनी मला समुद्रपाखरं दाखवली. शिकवलं ते पुस्तकांनी थोडं आणि शाळेतल्या पोरांनी जास्त.

परिसर अभ्यासात आसपासच्या पक्ष्यांची नावं लिहून आणा असा एक साधा उपक्रम असतो. आमच्याकडची लेकरं कावळा, चिमणी, होला, साळुंकी, टिटवी लिहून मोकळी होतात. ज्वारीचं रान असेल तर भोरडी. इथल्या मुलांच्या वह्यांत बगळे, कुरव, खंड्या, तांबडी घार आणि 'वाळूत पळणारे बारके पक्षी' आले. ते बारके पक्षी बघायला शाळा सुटल्यावर जाऊ म्हटलं, तर चौथीतला एक पोरगा जागचा हलेना. म्हणाला, "गुरुजी, आता नाय दिसायचे ते. पाणी भरलंय."

त्याचा आजोबा एका होडीवर तांडेल होता. संध्याकाळी त्याच्या ओटीवर चहा घेताना म्हाताऱ्यानं मला हिशेब सांगितला. तिथीला पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनला भरती, पहाटे तीनच्या पुढेही भरती, आणि मधोमध सकाळी नऊच्या आसपास पुरी ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या अंगाला उधाण, तेव्हा पाणी चढतंही फार आणि उतरतंही फार. अष्टमीच्या अंगाला भांग, तेव्हा पाणी फारसं हलत नाही. आमच्या घरी कॅलेंडर बघायचं ते नक्षत्र कधी लागतं, अमावास्येला बैल जुंपायचे की नाही यासाठी. इथं त्याच कॅलेंडरवरून होडी कधी लोटायची ते ठरायचं. माझं गणित बरं होतं, पण पाऊणकीचा पाढा इतका उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

पाखरांचं सगळं वेळापत्रक या पाऊणकीवर चालतं. किनाऱ्यावर हिवाळा काढायला आलेली चिखल्या, तुतवार, कर्ल्यू अशी पाखरं ओल्या वाळूत आणि चिखलात खातात. ते अन्न ओहोटीला उघडं पडतं. तेव्हा ती किनाराभर, खाडीभर विखुरतात. दुर्बिणीतूनही ठिपके दिसतात. पाणी चढायला लागलं की खाण्याची जागा आक्रसत जाते, पाखरं पाण्यापुढं सरकत सरकत तुमच्याकडं येतात आणि पुऱ्या भरतीला एखाद्या कोरड्या पुळणीवर गोळा होऊन बसतात. मोजायचं असेल तर ही वेळ. एखादं पाखरू कसं जगतं ते बघायचं असेल तर ओहोटी. नवखा माणूस सूर्य बघून निघतो. किनाऱ्यावर चंद्र बघून निघावं लागतं.

हे कळल्यावर काही वर्षांनी आशियाई पाणपक्षी गणनेत हात लावायची संधी मिळाली. ही गणना 1987 पासून दर जानेवारीत होते. जगभरच्या पाणथळ जागांवर काम करणारी वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था आणि आपल्याकडं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तिचं काम बघतात. मोजणारे बहुतेक हौशी: शिक्षक, बँकवाले, विद्यार्थी, वनरक्षक. एक जागा ठरवायची, ठरलेल्या दिवसांत तिथं जायचं, कोणतं पाखरू किती ते लिहायचं आणि दरवर्षी त्याच जागी जायचं. जानेवारी निवडण्याचं कारण सरळ आहे. तोवर उत्तरेकडून यायची ती पाखरं आलेली असतात आणि परतीची घाई अजून सुरू झालेली नसते, त्यामुळे एकाच पाखराची दोन ठिकाणी नोंद होण्याचा धोका कमी.

2017 ची गणना मला अजून तपशिलानं आठवते, कारण त्या दिवशी तिथी, वार आणि हवा तिन्ही जुळून आलं होतं. 15 जानेवारी, रविवार, संक्रांतीचा दुसरा दिवस आणि संकष्टी. जागा आंजर्ल्याची पुळण आणि जोग नदीच्या खाडीचं मुख. आमच्या चमूत कृषी विद्यापीठात शिकणारे दोघं, एक निवृत्त बँक अधिकारी, मी आणि माझे दोन माजी विद्यार्थी. त्यातला एक तोच, 'पाणी भरलंय' म्हणणारा. तो आता आठवीत होता आणि वही त्याच्या हातात दिली होती, कारण त्याचं अक्षर आम्हा सगळ्यांपेक्षा बरं आणि त्याला आकडा दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटत नसे. मोजणाऱ्यानं दुर्बिणीवरून डोळा काढायचा नाही आणि लिहिणाऱ्यानं दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, हा गणनेचा पहिला नियम.

वर दापोलीत कडाक्याची थंडी होती, खाली समुद्राकाठी नुसता गारवा. साडेसहाला पुळणीवर उतरलो तेव्हा आमच्या आधी एक कासवमित्र आला होता. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला या किनाऱ्यावर येतात. रात्री त्यांची पावलं उमटली का, हे बघायला तो पहाटे सगळी पुळण चालून जातो. कासवांचं हे काम 2002 साली वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं सुरू केलं आणि मग किनाऱ्यावरच्या गावागावांत पसरलं. त्या कासवमित्राला काही सापडलं नव्हतं, पण त्यानं आम्हाला कामाची गोष्ट सांगितली: खाडीच्या मुखाशी वाळूची पट्टी गेल्या वर्षीपेक्षा दक्षिणेला सरकली आहे, पाखरं तिथं बसतात. नकाशात हे कुठं नसतं.

नऊपर्यंत पाणी पार आत गेलं. आम्ही ओल्या वाळूच्या कडेला बसून राहिलो. बसणं महत्त्वाचं. उभ्या माणसाला पाखरू माणूस समजतं, बसलेल्याला ते हळूहळू विसरतं. अर्ध्या तासानं एक चिखल्या आमच्यापासून सात-आठ पावलांवर आला. साठेक ग्रॅमचा जीव. हिवाळ्यात तो वरून मातकट करडा आणि खालून पांढरा असतो. छातीवरचा तांबूस पट्टा उन्हाळ्यात, तिकडं तिबेट-लडाखच्या पठारावर विणीला गेल्यावर येतो. वाळूवर बारक्या खेकड्यांनी बाजरीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी काढून ठेवली होती. चिखल्या चार पावलं धावे, थबके, मान किंचित वाकडी करी, पुन्हा धावे. हा थबका फुकट नसतो. त्याची चोच आखूड, त्यामुळे तो डोळ्यांनी शिकार करतो. वाळूचा एखादा कण हलला तर तो त्याला थांबल्यावरच दिसतो. एकदा त्यानं झपकन चोच मारली आणि लालसर किड्याचं टोक धरलं. किडा बिळात ताणून राहिला. चिखल्यानं ओढलं नाही. तो तसाच टोक धरून मागं झुकून उभा राहिला. किड्याची पकड सुटली तसा तो एका झटक्यात बाहेर आला. जोरात ओढलं असतं तर किडा तुटला असता आणि अर्धं जेवण वाळूत राहिलं असतं.

त्याच वाळूवर थोडं पुढं सँडरलिंगचा घोळका लाटेबरोबर वरखाली पळत होता. लाट परतली की तिच्या मागं, लाट आली की तिच्या पुढं. लाटेनं उघडं केलेलं तेवढ्या दोन-तीन सेकंदांत टिपायचं. खाडीच्या चिखलात एक कर्ल्यू एकटाच चालत होता. त्याची खाली वाकलेली लांब चोच खेकड्याच्या बिळात पार आत शिरते. आखूड चोचीचे वरचं खातात, मधल्या चोचीचे मधलं, लांब चोचीचे तळचं. एकाच वाळूत इतक्या जाती एकमेकांशी न भांडता राहतात त्याचं कारण हे. वर्गात 'अनुकूलन' हा शब्द फळ्यावर लिहून जे पोरांच्या गळी उतरत नाही, ते इथं अर्ध्या तासात उतरतं.

दहाच्या सुमारास पर्यटक उतरले. कड्यावरच्या गणपतीला संकष्टीची गर्दी होती, दर्शन झालं की गाड्या थेट पुळणीवर. एकानं चारचाकी ओल्या वाळूतून पाण्याच्या कडेनं पळवली, मागं दोघं मोटारसायकलवर. सगळी पाखरं उठली, खाडीवर दोन फेऱ्या मारून पलीकडच्या काठाला जाऊन बसली. आमची मोजणी पुसली गेली, ती पुन्हा करता येते. पाखराचं तसं नाही. त्याला दिवसात खायला मिळतात ते ओहोटीचे काही तास. साठवलेल्या चरबीवर त्याला मार्च-एप्रिलमध्ये हिमालयापलीकडं जायचं असतं. दर उड्डाणाला त्यातलं काही खर्च होतं आणि तेवढा वेळ खाणंही बुडतं. गाडी वाळूत रुतली की ट्रॅक्टर येतो, बातमी होते. उठवलेल्या पाखरांची नोंद होत नाही.

दुपारी एका ओळखीच्या घरी तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खाऊन दोनला परत मुखाशी आलो. पाणी चढत होतं. कासवमित्रानं सांगितलेली पट्टी तीन बाजूंनी वेढली गेली होती आणि सकाळी विखुरलेलं सगळं तिच्यावर गोळा झालेलं. चिखल्या, तुतवार, टिलवे, त्यांच्यामागं सुरय, कडेला कुरव. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडं, बरीचशी एका पायावर. आता मोजणी. थव्यातली दहा पाखरं अचूक मोजायची, ती केवढी जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवायचं आणि मग तेवढ्या जागेचे तुकडे थव्यावर टाकत जायचं. थवा मोठा असेल तर पन्नासाचा तुकडा. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांना आकडा सांगायचा नाही, शेवटी ताडून बघायचं. आमचे आकडे दहाला एक इतके मागेपुढे आले. तेवढं चालतं. दरवर्षी त्याच पद्धतीनं मोजलं तर चढउतार कळतो, आणि गणनेला तोच हवा असतो.

तिसरी मोजणी चालू असताना पट्टीवरून सावली गेली आणि सगळा थवा एकदम हवेत. समुद्री गरुड. पांढरं पोट, पांढरी मान, पाचरीसारखी आखूड शेपटी, पंख वर उचललेले. त्याला या पाखरांशी घेणंदेणं नव्हतं. कोकणच्या किनाऱ्यावर त्याचा भर मासे आणि समुद्रसापांवर असतो. घरट्याखाली सापांचे सांगाडे सापडतात. त्याच्या पंजात खरंच एक साप लोंबत होता. आठवीतल्या पोरानं वहीत आधी 'समुद्री गरुड 1' लिहिलं आणि मग विचारलं, "सापाची नोंद कुठं करू?" बँकवाल्या काकांनी शेरा या रकान्याकडं बोट दाखवलं.

साडेचारला खाडीवरचा पूल ओलांडून हर्णे बंदरावर गेलो. हर्ण्याचा मासळीचा लिलाव ज्यानं बघितला नाही त्यानं कोकण अर्धंच बघितलं. समोर सुवर्णदुर्ग, पुळणीपुढं नांगरलेल्या होड्या आणि होडीपासून किनाऱ्यापर्यंत मासळी आणायला बैलगाड्या. मराठवाड्याच्या माणसाचे पाय इथं खिळतात. बैल पोटापर्यंत खाऱ्या पाण्यात उभे राहतात आणि लाट अंगावर आली तरी हलत नाहीत. वावरातला बैल नदीच्या उतारात घालायचा तर दोन माणसं लागतात. मी तिथल्या एका गाडीवानाला विचारलं, पाण्याची भीती कशी मोडली? तो म्हणाला, "वासरू असल्यापासून आईच्या मागं यायचा ना."

लिलावाभोवती कुरवांचं राज्य असतं. टोपली हलली की बारीक मासळी पडते आणि वरून पाच-पन्नास झेपा येतात. इथं एक गंमत शिकायला मिळते. हिवाळ्यात तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव या दोघांचंही डोकं पांढरंच असतं. डोळ्यामागं एक काळपट ठिपका तेवढा उरतो. मग ओळखायचं कसं? पूर्ण वाढलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट, काळ्या डोक्याच्या कुरवाचा काळा. उडताना पहिल्याच्या पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके, दुसऱ्याच्या पंखाची पुढची कडा पांढरी शुभ्र. तपकिरी डोक्याचा लडाख आणि मध्य आशियातल्या उंच सरोवरांवर विणीला जातो, आणि मार्चअखेर जाण्याआधी त्याचं डोकं इथंच रंगायला लागतं. लिलाव करणाऱ्या बायकांना जातीत रस नव्हता. त्यातली एक म्हणाली, कुरव कुठं घिरट्या घालतात त्यावरून होडीवाले मासळी हेरतात, तेवढं आम्हाला पुरतं. तिचं निरीक्षण आमच्या वहीतल्या पानापेक्षा जुनं आणि जास्त वेळा तपासलेलं होतं.

त्या रात्री घरी फोन केला. बाबा आखाड्यावरून नुकतेच आले होते. दिवसभर काय केलं म्हणून विचारलं, मी सांगितलं. पलीकडं थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "इथं भोरड्या हाकलायला माणूस मिळना, आन् तू तिकडं पाखरं मोजलालास?"

हसू आलं तरी वाक्य डोक्यात राहिलं. भोरडी मी लहानपणापासून बघत आलो होतो. टाळकी ज्वारी हुरड्याला आली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, डबे वाजवायचे. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची पाखरं ढगासारखी यायची आणि कणसं झोडपून जायची. ती कुठून येतात हे मी कधी कुणाला विचारलं नाही. दापोलीत पुस्तकात वाचलं तेव्हा कळलं की ती मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडून येतात, तिकडं टोळांवर तुटून पडतात म्हणून तिथले शेतकरी त्यांना मित्र मानतात. समुद्रावर जे बघायला मी तिथी मोजून जात होतो, तसलंच लांबून आलेलं पाखरू मी घरच्या वावरातून दगड मारून हाकललं होतं. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला, समुद्राकाठच्या घरी राहून, सुगरणीच्या वसाहतीवर महिनोन् महिने नजर ठेवली आणि त्यावर लिहिलं. सुगरणीची घरटी आमच्या प्रत्येक विहिरीवर लोंबतात. पाखरू दुर्मीळ असावं लागत नाही. बघणारा बसून राहिला पाहिजे.

पुढं 2020 च्या 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. आंजर्ले, केळशी, हर्णे, पाडले या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, सुरूची जुनी झाडं मोडली, आमच्या शाळेचे पत्रे उडाले. मला ठाऊक असलेलं समुद्री गरुडाचं घरटं ज्या झाडावर होतं तेही गेलं. त्या हिवाळ्यात जोडी दिसली, घरटं दिसलं नाही. आणि 2021 च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंबा गावात कोंबड्या पटापट मेल्या, बर्ड फ्लूचं निदान झालं; त्याच आठवड्यात दापोलीतल्या मेलेल्या पाखरांच्या नमुन्यांतही तोच विषाणू सापडला. वर्तमानपत्राच्या एकाच बातमीत माझ्या दोन्ही मुलखांची नावं होती. त्या दिवसांत गावाकडून फोन यायचे, तळ्यावरची पाखरं मेली आहेत का, आपल्याकडं किती येतात, कोणती येतात? दापोलीचं मी सांगू शकत होतो, माझ्याकडं वह्या होत्या. नायगावचं सांगू शकत नव्हतो, आणि तिथं कुणालाच सांगता येत नव्हतं.

2023 मध्ये आंतरजिल्हा बदलीत नाव लागलं आणि मी कार्यमुक्त झालो. दोन शिक्षकांच्या शाळेतून एक गेला की मागं काय राहतं ते वेगळं सांगायला नको. आनंद आणि ओशाळेपण एकाच पेटीत भरून निघालो. दुर्बीण त्या 'पाणी भरलंय' म्हणणाऱ्या पोराला दिली. तो आता महाविद्यालयात आहे आणि मुखाशी गणनेला जातो.

इकडं नायगावाकडं आल्यावर पहिला हिवाळा मी समुद्राच्या सवयीनंच बघितला आणि गोंधळलो नाही, कारण पाण्याचं घड्याळ इथंही आहे; काटा तेवढा सावकाश फिरतो. एका अंगाला गोदावरी, दुसऱ्या अंगाला मन्याड, मधे पाझर तलाव आणि गावतळी. नांदेडला विष्णुपुरीचा शंकरसागर, बारूळला मन्याडवरचा प्रकल्प, कंधारला राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग सागर. पाऊस चांगला झाला की डिसेंबरात हे सगळं काठोकाठ असतं. तेव्हा पाण्यावर बदकं दिसतात: तलवार बदक, थापट्या, चक्रवाक. चिखलात चालणाऱ्यांना जागा नसते. मग रब्बीचं आवर्तन सुटतं, पाणी कालव्यात जातं आणि तळ्याची कड महिन्या-महिन्यानं आत सरकते. मागं ओला गाळ उघडा पडतो. माणसं तिथं गाळपेर करतात आणि पाखरंही तिथंच उतरतात: शेकाट्या, तुतवार, चिखल्या, टिलवे, धोबी. हर्ण्याला जे सहा तासांत घडतं ते इथं जानेवारी ते मार्चमध्ये घडतं. समुद्रावर तिथी विचारून निघायचं, इकडं आवर्तन कधी सुटलं ते पाटकऱ्याला विचारून.

एका फेब्रुवारीच्या सकाळी आमच्या तालुक्यातल्या एका पाझर तलावाच्या गाळावर मला पुन्हा चिखल्या दिसला. तीच चार पावलं, तोच थबका. शाळेतली सहा-सात लेकरं बरोबर होती. त्यांना किडा धरून मागं झुकणं दाखवता आलं नाही, त्या दिवशी त्याला किडा मिळालाच नाही. पण त्यांनी काठावर बसून तासभर कळ काढली. सातवीतल्या एका मुलीनं शेकाटे दहा-दहाच्या तुकड्यानं मोजून काढले. मी वेगळे मोजले. आकडे जवळजवळ जुळले.

पैठणच्या जायकवाडीला 1986 पासून अभयारण्याचा दर्जा आहे, तिथल्या पाखरांवर वर्षानुवर्षं लिहिलं गेलं आहे. नायगाव, बिलोली, देगलूर, मुखेडच्या तळ्यांवर कुणी लिहिलेलं मला फार सापडत नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाच्या नकाशावर किनाऱ्यावरचे ठिपके एकमेकांवर चढलेले दिसतात, आमच्या बाजूला मोकळी जागा दिसते. ती मोकळी जागा पाखरांची नाही, माणसांची आहे. तलावाचा गाळ काढायचा ठराव होतो, मासेमारीचा ठेका निघतो, काठावर सौर पंप बसतात, बंधारा वाढवला जातो. त्यातलं बरंच गरजेचंही असतं. पण 'इथं काय होतं' याची एक ओळ लेखी नसेल तर गेलेलं गेलं हे कळतही नाही.

म्हणून सांगणं एवढंच. राज्यात दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. शाळांत त्या आठवड्यात चित्रं काढली जातात, भाषणं होतात, ती होऊ द्यावीत. त्याला एक सकाळ जोडावी. आपल्या गावचं एकच तळं निवडावं. तारीख, वेळ, पाणी कुठवर आहे आणि कोणती पाखरं किती, एवढ्या चार गोष्टी वहीत लिहाव्यात. नाव माहीत नसेल तर रंग, चोच, पाय यांचं वर्णन लिहावं, नाव नंतर सापडतं. मग जानेवारीत पुन्हा त्याच जागी जावं, पुढच्या वर्षी पुन्हा. महागडी दुर्बीण पहिल्या वर्षी लागत नाही. लागते ती सकाळी सातला काठावर बसायची तयारी. आमच्याकडं पाखरं येत नाहीत, असं म्हणण्याचा हक्क तिथं बसलेल्या माणसालाच आहे.